बसलीच आहेस ना?

घरात लिहिणाऱ्या माणसाइतकं रिकामं कोणीच दिसत नाही. म्हणजे बघा ना, मी पेटी काढून बसले आणि भूप सुरू केला की घरातले आपोआप दार लोटून घेतात, खालच्या मजल्यावरच्या काकूसुद्धा जिन्यात भेटल्या की "चाललाय वाटतं रियाज" म्हणतात (कौतुकाने की वैतागून, ते मी विचारायच्या भानगडीत पडलेले नाही). नवरा बाल्कनीत कुंड्यांची माती बदलायला बसला की त्याचे हात कोपरापर्यंत बरबटलेले असतात, त्यामुळे बेल वाजली तरी त्याला कोणी उठवत नाही. आणि मी कथा लिहायला बसते तेव्हा काय दिसतं, तर एक बाई डायनिंग टेबलाशी बसून समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीकडे एकटक बघतेय. मग लेक म्हणणारच, "आई, बसलीच आहेस ना, तर जरा कुकरकडे लक्ष दे, मी अंघोळीला जाते." मी देते लक्ष. तिचं काय चुकलं त्यात, बाहेरून बघणाऱ्याला कसं कळणार की ह्या बाईच्या डोक्यात आत्ता कोणीतरी बाई नवऱ्याला काहीतरी सांगायच्या बेतात होती आणि तिसऱ्या शिट्टीला तिने विचार बदलला.

लोकांना वाटतं नोकरी आडवी येते. येतेच, नाही कशाला म्हणू. मी अकाउंट्समधे आहे, एका खासगी कंपनीत, त्यामुळे माझा महिना तारखांनी बांधलेला. ७ ला टीडीएस म्हणजे कापलेला कर भरायचा, ११ ला जीएसटीआर-वन म्हणजे आपल्या विक्रीचं विवरण, १४ ला टू-बी, म्हणजे सप्लायरनी दाखवलेल्या बिलांची यादी, आली की ती आपल्या पर्चेस रजिस्टरशी ताडून बघायची, त्यात कुठल्यातरी सप्लायरने बिल अपलोडच केलेलं नसतं, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराचं आपलं क्रेडिट अडकलं, मग त्याच्यामागे फोन, तो म्हणतो मॅडम आमचे सीए गावाला गेलेत, आणि असं करत करत २० ला थ्री-बी, म्हणजे महिन्याचा जीएसटी भरायचा. माझ्या कथेतली माणसं ह्या दिवसांत जिथे असतील तिथे उभी राहतात, कोणी दाराच्या कडीला हात लावून, कोणी अर्धा चहा हातात घेऊन. २१ तारखेला मी येईपर्यंत त्यांचा चहा गार झालेला असतो. मार्च एंडिंगचं तर विचारूच नका, मार्चमधे माझ्या कथांत कोणी जन्मत नाही की मरत नाही.

पण मला खरंच वाटायला लागलंय की अडचण वेळेची नाहीये. २०२० च्या मार्चमधे लोकल बंद झाल्या तेव्हा रोजचे जायचे-यायचे मिळून दोनेक तास हातात आले, तिकीट नाही, पास नाही, गर्दी नाही, मी मनात म्हटलं आता बघा कादंबरीच. ऑक्टोबरात बायकांना लोकलने जायची परवानगी मिळाली, तीसुद्धा अकरा ते तीन आणि सातनंतर, तोपर्यंत माझी एक ओळ झाली नव्हती. भरपूर वेळ होता हो. पण त्या वेळात सगळे घरात होते आणि मी सगळ्यांना 'बसलेली' दिसत होते. शिवाय ऑफिसचं काम बेडरूममधेच आलेलं, त्यामुळे ते संपायचंच नाही, एक्सेल बंद केलं तरी डोक्यात रकाने चालूच.

मला लिहायला लागते ती वेगळीच गोष्ट. हात गुंतलेले पाहिजेत आणि डोकं मोकळं. अकाउंट्समधे नेमकं उलटं होतं, हात मोकळे आणि डोकं गच्च. त्यामुळे माझे सगळ्यात चांगले संवाद भांडी विसळताना सुचतात, मेथी निवडताना सुचतात, कपडे वाळत घालताना तर आख्खे प्रसंग सुचलेत. लेक म्हणते, आई तुझे परत ओठ हलतायत. हात ओले असतात म्हणून मी फोन ओट्यावर उभा करून बोलून टाइप करायला लागले, मराठी बऱ्यापैकी ओळखतो तो आता, फक्त मिक्सर लागला की त्याला झटका येतो. एकदा मी नायिकेचं मोठं भावनिक बोलणं सांगत होते आणि मधेच लेकीला ओरडले, तर "नळ बंद कर गं" हे वाक्य तसंच कथेत जाऊन बसलं. रात्री वाचलं तर तिथे इतकं चपखल वाटलं की ठेवून दिलं.

आणि ह्यात मी काही नवीन करत नाहीये. आपल्याकडे बायकांनी जात्यावर हेच केलं ना शतकानुशतकं. पहाटे खुंटा हातात, दळण चालू, आणि तोंडाने ओवी. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून ह्या ओव्या गोळा केल्या, त्यांचा आकडा लाखाच्या वर आहे. एक लाख! आणि त्या रचणाऱ्या कोणालाही लिहायला वेळ नव्हता, बहुतेकींना लिहिताच येत नव्हतं. बहिणाबाई चौधरींचं तसंच, शेतात आणि घरात राबता राबता गाणी रचली, लिहून घेतली ती दुसऱ्यांनी, मुलगा सोपानदेव स्वतः कवी म्हणून ती जपली गेली, आणि पुस्तक आलं १९५२ मधे, त्या गेल्यावर. मला कधी कधी वाटतं बहिणाबाई कागद-पेन घेऊन ओसरीवर बसल्या असत्या तर घरातल्यांनी पहिल्या पाच मिनिटांत हाक मारली असती.

नोकरी करून लिहिलेल्यांची यादी काढली तर हातभर निघेल. श्री. ना. पेंडसे बेस्टमधे नोकरीला होते, म्हणजे दिवसभर मुंबईच्या बसचा कारभार आणि लिहिताना दापोली-हर्णैकडचा कोकण. व्यंकटेश माडगूळकर पुण्याला आकाशवाणीत, जयवंत दळवी मुंबईत अमेरिकन माहिती खात्यात. मला ही माहिती धीर देते, नाही असं नाही. पण सगळ्यात जास्त आवडतो तो अँथनी ट्रोलप, इंग्लंडच्या पोस्टात साहेब होता, पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवून पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द, साडेआठला लिखाण बंद, मग ऑफिस. अशाने सत्तेचाळीस कादंबऱ्या झाल्या. वाचून मी दोन दिवस (फार तर तीन) पहाटे उठले. मग त्याच्याच आत्मचरित्रातली पुढची गोष्ट कळली, की त्याने एका म्हाताऱ्या नोकराला वर्षाला पाच पौंड जास्तीचे देऊन ठेवले होते, पहाटे उठवायचे आणि कॉफी आणून द्यायचे. आता बोला! इथे पहाटे मी उठले की सगळ्यांचा चहा माझ्याकडेच लागतो, कारण उठलीच आहेस ना. बरं ट्रोलप निदान कबूल तरी करतो, की यशाबद्दल इतर कोणापेक्षाही मी त्या नोकराचं देणं जास्त लागतो म्हणून. काफ्काचं विमा ऑफिस तर दुपारी दोनला सुटायचं आणि तरी तो जन्मभर ऑफिसच्या नावाने रडला. दोनला! माझ्या टिफिनचं झाकण लागतं दोनला.

म्हणून मग उरते लोकल. डोंबिवलीहून फास्ट पकडली की तासाभराहून जास्तच जातो, लेडीज डब्यात सॅक पुढे घ्यायची, एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाइप. बसायला मिळालं तर चैनच, पण उभ्याने जास्त चांगलं लिहून होतं असा माझा अनुभव आहे, हात गुंतलेला असतो म्हणून असेल. तिथे मला कोणी रिकामी समजत नाही, किंवा सगळ्याच रिकाम्या असतात, कोणी पालक निवडतेय, कोणी पोथी वाचतेय, कोणी लिपस्टिक लावतेय. मागच्या पावसाळ्यात मात्र एक गंमत झाली. तिघींच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धी टेकून मी लिहीत होते, सासू-सुनेचा प्रसंग होता, सासू सुनेला चांगलं खडसावून बोलते असा. शेजारी एक साठीच्या बाई, मांडीवर डब्याची पिशवी, चष्मा नाकावर. मुलुंड गेल्यावर त्यांना राहवलं नाही.

"एक सांगू का? राग मानू नका हं."

मी म्हटलं सांगा ना.

"ही सासू तोंडावर बोलतेय ते खोटं वाटतंय. अशी बोलत नाही हो सासू. ती भांडी आपटते."

आणि वर म्हणतात, "नुसती आपटत पण नाही, आधी तुमची घासलेली परत घासते."

मी तिथेच पूर्ण परिच्छेद उडवला आणि सासूच्या हातात सुनेने घासलेली कढई दिली. त्या बाई घाटकोपर येईपर्यंत वाचतच होत्या, मग "हां, आता आली बघा" असं म्हणून समाधानाने पिशवी उचलून उतरल्या. इतका नेमका शेरा मला कुठल्या संपादकाने अजून दिलेला नाही. (माझ्या सासूबाई माझं सगळं वाचतात, तेव्हा हा विषय इथेच थांबवते.)

हे कढईचं मला टेबलाशी बसून कधीही सुचलं नसतं. त्यामुळे नोकरी सोडून पूर्णवेळ लिही म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी हसून सोडून देते. नोकरी सोडली तर लोकल सुटेल, लोकल सुटली तर त्या बाई कुठून येणार. पगाराचं तर सोडाच, कथेचं मानधन एवढं असतं की त्यात फर्स्ट क्लासचा पास निघेल का ह्याची मला शंका आहे.

रस्सीखेच खरी होते ती छंदांची. नोकरी ठरलेल्या जागी बसते, घरचे हाका मारून हवं ते घेऊन जातात, पण पेटी आणि लिखाण दोघांनाही तीच रविवारची दुपार हवी असते, आणि पेटी आवाज करते म्हणून जिंकते. क्लासची फी भरलेली असते, सर वाट बघत असतात, नाही गेलं तर फोन येतो. कथा फोन करत नाही. नवऱ्याने मधे सुचवलं की एक छंद कमी कर, म्हणजे ताण जाईल. मी त्याला विचारलं कुठला कमी करू, तर तो म्हणाला लिहिणं तर तू तसंही कधी बसून करत नाहीस, ते चालू राहू दे. मला आधी राग आला आणि मग लक्षात आलं की त्याने मला एक अख्खं गणित सोडवून दिलंय.

सध्या एका दिवाळी अंकासाठी कथा द्यायचीय, ऑगस्टअखेर हवीय त्यांना, शब्दमर्यादा अडीच हजार. माझी साडेतीन हजारांच्या पुढे गेलीय आणि कथेतले दोघे भाऊ अजून वकिलाकडे पोचलेलेच नाहीत. आता लिहिणं लोकलमधे होतं पण कापणं नाही होत, कापायला टेबल लागतं, सलग दुपार लागते आणि घरात कोणी नको असतं. म्हणून ह्या महिन्यात दोन रविवार क्लास बुडवणारे. सरांना सांगितलं तर म्हणाले, काही हरकत नाही, लिहा तुम्ही, फक्त नोव्हेंबरच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय ना, ह्या वेळची परीक्षा 'प्रवेशिका पूर्ण' आहे, तिला लेखी पेपर असतो.

लेखी तर काय, म्हटलं, बसले की होईल.