गाळणी ज्याची त्याच्या हाती: आमची वाटचाल

२०१६ च्या ऑक्टोबर छाटणीला पिंपळगाव बसवंतमध्ये एका कृषी सेवा केंद्राच्या वरच्या खोलीत आम्ही काम सुरू केलं. आम्ही म्हणजे मी, माझी बायको आणि बी.एस्सी. ॲग्री झालेला माझा मामेभाऊ. द्राक्ष बागायतदारांचे व्हॉट्सॲप गट चालवायचे, डाऊनी-भुरी या रोगांचे फोटो आले की मामेभावाने उत्तर द्यायचं, पावसाचा अंदाज आणि बाजारभाव रोज सकाळी टाकायचे, एवढंच काम. वर्षाची वर्गणी सभासदांकडून घ्यायची आणि औषध कंपनीची जाहिरात घ्यायची नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. ते अजून मोडलेलं नाही.

तेव्हा एका गटात २५६ माणसं मावायची. दीड वर्षात आमचे अकरा गट झाले. चौथ्या गटात कोणी मोलाचं उत्तर दिलं तर ते बाकीच्या दहा गटांना कळायचं नाही आणि नको ते मात्र अकराही गटांत फिरायचं. म्हणून २०१८ च्या दिवाळीत स्वतःचं ॲप काढलं आणि सगळ्यांना एका ठिकाणी आणलं.

पहिली दोन वर्षं काय ठेवायचं आणि काय काढायचं हे आम्ही तिघं ठरवायचो. सुप्रभात काढा, राजकारण काढा, कर्जाच्या जाहिराती काढा, शिवीगाळ काढा. पहाटे पाचला उठून मी आधी रात्रीच्या पोस्ट साफ करायचो, मग चहा. आपण चांगलं काम करतोय याबद्दल मनात शंका नव्हती.

एक दिवस निफाडकडचे एक अण्णा मोटारसायकलवरून थेट ऑफिसात आले. त्यांची पोस्ट आम्ही काढली होती. शेजारच्या बागायतदाराच्या दशक्रियेचा दिवस आणि वेळ त्यांनी कळवली होती. मामेभावाने ती ‘शेतीबाहेरचा विषय’ म्हणून उडवली. गेलेला माणूस आमचाच सभासद होता आणि तीस-चाळीस गावांतून त्याला मानणारी माणसं होती. अण्णा चिडले नव्हते, त्यामुळेच जास्त लागलं. म्हणाले, “बाळा, कोणाच्या दाराशी कोणी यायचं हे तू कसं ठरवणार?” मामेभावाने त्यांची माफी मागितली, पोस्ट परत लावली, पण दशक्रिया होऊन गेली होती.

मग मार्च २०२० आला. माल तयार, व्यापारी यायचे बंद, मजूर मिळेना, गाड्या अडलेल्या. ज्यांना जमलं त्यांनी बेदाणा केला, बाकीच्यांनी डोळ्यांदेखत घड सडताना पाहिले. ॲपवर जे लिहिलं जायचं त्यात राग होता, शिव्या होत्या, व्यापाऱ्यांची नावं होती. आम्ही नियमाप्रमाणे पोस्ट काढत राहिलो. लोकांनी त्याचा अर्थ लावला की आम्ही व्यापाऱ्यांच्या बाजूचे. त्यांच्या जागी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. पुढच्या हंगामात बऱ्याच जणांनी वर्गणी भरली नाही. त्याआधी, २०२० च्याच मे महिन्यात, बायकोने हिशोबाची वही समोर ठेवली आणि विचारलं, “एकाला नको असलेलं दुसऱ्याला हवं असेल, तर तिसऱ्याने ते का काढायचं?”

मामेभाऊ या विषयात खोल शिरला. १९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी यूजनेटची, म्हणजे संगणकांच्या जाळ्यावर चालणाऱ्या चर्चागटांची, कल्पना काढली. तिथे बहुतेक चर्चागटांना कोणी मालक नव्हता. ज्याला एखादा माणूस नकोसा व्हायचा तो त्याचं नाव स्वतःच्या ‘किलफाइल’ मध्ये टाकायचा. त्या माणसाचं लिहिणं चालू राहायचं, फक्त याला दिसायचं नाही. पुढे स्लॅशडॉट या संकेतस्थळावर पोस्टला उणे एक ते पाच गुण पडायचे आणि किती गुणांखालचं वाचायचं नाही हे वाचणारा स्वतः ठरवायचा. हे ऐकताना मला आमचं ठिबक दिसत होतं. विहिरीवर सँड फिल्टर असतो, पण म्हणून प्लॉटवरचा फिल्टर कोणी काढून टाकत नाही. आम्ही सोयीला नाव दिलं ‘माझी गाळणी’.

२०२० च्या दिवाळीत ती सुरू झाली. शब्द, माणूस किंवा विषय, काहीही गाळणीत टाका. प्रत्येकापुढे तीन पर्याय: दाखवा, झाकून दाखवा, लपवा. आमची काढाकाढी जवळपास थांबली. ज्याला राजकारण नको त्याने ते लपवलं, ज्याला हवं त्याने ठेवलं. दशक्रिया, लग्न, वास्तुशांत यांच्या पोस्ट परत येऊ लागल्या आणि त्यावरून एकही तक्रार आली नाही. सोडून गेलेले काही जण परत आले. तो माझ्या धंद्यातला सगळ्यात सुखाचा हंगाम होता.

मराठीत गाळणी बांधणं इंग्रजीपेक्षा फार अवघड आहे, हे मात्र कोणी सांगितलेलं नव्हतं. ‘दलाल’ शब्द गाळायचा तर ‘दलालाला’, ‘दलालांनी’, ‘दलालांचं’ हेही गाळलं पाहिजे, कारण आपली विभक्ती शब्दाला चिकटते. ‘खोटा’ चं ‘खोट्या’ होतं, तिथे तर मूळ शब्दच बदलतो. ‘लोन ॲप’ गाळूनही जाहिराती येतच राहिल्या. दोन दिवस शोधल्यावर कळलं की ‘ॲ’ दोन तऱ्हेने टाइप होतो: एक स्वतंत्र अक्षर म्हणून आणि दुसरा ‘अ’ वर चंद्र देऊन. डोळ्याला दोन्ही सारखेच, मशीनला वेगळे.

चिकटलेल्या विभक्तीवर आम्ही सोपा तोडगा काढला: दिलेली अक्षरं पोस्टमध्ये कुठेही सलग सापडली की पोस्ट गाळायची. सटाण्याकडच्या एका ताईंनी गाळणीत ‘मर’ टाकलं होतं. मोकळेपणाने बोलणाऱ्या बाईला काही पुरुष काय लिहितात हे मी इथे लिहीत नाही. ‘मर’ हा त्यातला सौम्य शब्द. शिव्या दिसायच्या बंद झाल्या. पण ताईंची बाग डाळिंबाची, आणि डाळिंबाचा मोठा शत्रू कोण, तर मर रोग. त्या पावसाळ्यात आजूबाजूच्या शिवारांत झाडं पिवळी पडून वाळायला लागली. लोक फोटो टाकत होते, मुळाशी कोणत्या औषधाची आळवणी करायची ते मामेभाऊ रोज सांगत होता. ताईंच्या फोनवर त्यातलं एक अक्षरही पोचलं नाही. त्यांचा फोन आला तेव्हा दोन ओळी वाळल्या होत्या.

त्याच आठवड्यात वरुडच्या एका संत्रा बागायतदाराने विचारलं की माझ्या पोस्ट बऱ्याच जणांना दिसत का नाहीत. तो प्रत्येक पोस्टखाली ‘जि. अमरावती’ लिहायचा. अमरावतीच्या पोटात ‘मर’ आहे. १९९६ साली इंग्लंडमधल्या स्कंथॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावात एक अश्लील शब्द लपलेला होता. ही गोष्ट मामेभावाने आम्हाला सांगून झाली होती, तरी आम्ही तीच चूक केली.

ताईंच्या बागेत मी स्वतः गेलो. चूक आमची होती, ती मान्य केली. त्यानंतर गाळणीत दोन बदल केले. अक्षरं कुठेही शोधण्याऐवजी शब्दाची सुरुवात आणि पुढची विभक्ती तपासायला लागलो, त्यासाठी सामान्यरूपांची यादी हाताने बसवली. ‘मर रोग’ तरीही अडकलाच असता, म्हणून नवीन शब्द टाकला की तो आपोआप ‘झाकून दाखवा’ वर जातो. ‘लपवा’ हे माणसाने समजून-उमजून निवडायचं. आणि सर्वात वर एक ओळ येते: ‘आज तुमच्या गाळणीत इतक्या पोस्ट अडकल्या.’ ठिबकवाला गाळणी उघडून धुतो, तेव्हा काय अडकलंय हे त्याला दिसतं. इथेही ते दिसायलाच हवं.

एवढं करून मी निर्धास्त होतो. मग दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदार बाईंचा रात्री अकराला फोन आला. बाजारभावावरून त्यांचा एका सभासदाशी वाद झाला होता. त्यांनी त्याला गाळणीत टाकलं आणि विषय सोडून दिला. त्याने त्यांचा फोन नंबर घाणेरड्या मजकुरासकट ॲपवर टाकला. ती पोस्ट आमच्या हजारो सभासदांना दिसत होती. दिसत नव्हती फक्त त्यांना, कारण त्यांनी त्याला बंद केलं होतं. अनोळखी पुरुषांचे फोन येऊ लागले तेव्हा त्यांना कळलं. आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? “ताई, तुम्ही त्याला बंद केलंय ना, मग?” त्या एवढंच म्हणाल्या, “मी बंद केलंय हो. बाकीच्यांचं काय?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. १ जुलै २०१८ डोळ्यांपुढे आली. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. साक्री आमच्या सटाण्याला लागून आहे. त्या दिवसांत तसले व्हिडिओ आमच्याही गटांत येत होते आणि ते टाकणाऱ्यांना आम्ही गटातून काढत होतो, ‘शेतीबाहेरचा विषय’ म्हणून. कारण चुकीचं होतं, पण काढणं बरोबर होतं. त्या पाच जणांनी स्वतःच्या फोनवर कुठलीही गाळणी लावली असती तरी ते वाचले नसते. ज्याच्यावर ते बेततं तो वाचणाऱ्यांत नसतोच. त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली, तीही वाचणाऱ्याच्या मर्जीवर सोडली नाही.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक पोस्टला एकच प्रश्न विचारतो: ही वाचणाऱ्याला खुपते आहे, की न वाचणाऱ्यालाही इजा करते आहे? खुपत असेल तर ती वाचणाऱ्याच्या गाळणीची गोष्ट, आम्ही हात लावत नाही. इजा करत असेल तर आम्ही काढतो आणि कोणाची वाट पाहत नाही. दुसऱ्याचा नंबर, पत्ता, फोटो त्याच्या परवानगीशिवाय. धमकी. एखाद्या माणसावर किंवा समाजावर बिनपुराव्याचा आळ. पैशाची फसवणूक. आणि काढणीच्या तोंडावर चुकीच्या औषधाचा सल्ला.

हे शेवटचं बाहेरच्यांना किरकोळ वाटतं. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि माल अडकला. ज्यांनी ते सोसलं ते आजही तो हंगाम विसरलेले नाहीत. एकाने कुठेतरी वाचून फवारणी केली की कंटेनर अडकतो आणि त्यात ती पोस्ट कधीच न वाचलेल्या बागायतदाराचाही माल असतो. म्हणून पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस, न पाळणारा डोस दिसला की मामेभाऊ तो काढतो आणि जागेवर बरोबर माहिती लिहितो.

काढलेल्या पोस्टच्या जागी कोणी काढली, का काढली हे लिहून ठेवतो. मान्य नसेल तर पंचांकडे जाता येतं. दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून सभासदांतून तीन पंच निवडतो, आम्हा तिघांपैकी कोणी त्यात नसतं. पंचांनी आमचे निर्णय फिरवले आहेत आणि आम्ही ते पाळले आहेत.

कायद्याची बाजू बायकोकडे आहे. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, २४ तासांत तक्रारीची पोच आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यावा लागतो. ती अधिकारी म्हणजे माझी बायकोच. सभासद तिला वहिनी म्हणतात आणि तक्रारही ‘वहिनी, जरा बघा’ अशीच येते, पण पोच लेखी जाते. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की गटातल्या सभासदाच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी, आधीपासून संगनमत असल्याशिवाय, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. गावोगावचे ॲडमिन मित्र सुटल्यासारखे बोलले. मला मात्र वाटतं की शिक्षा होणार नाही म्हणून नंबर टाकलेली पोस्ट रात्रभर राहू द्यायची, हे आपल्या माणसांशी वागणं नव्हे.

एक अडचण अजून पुरती सुटलेली नाही. नवीन सभासदाची गाळणी रिकामी असते. जुन्यांनी वर्षानुवर्षं जे बाजूला केलं ते सगळं त्याच्या अंगावर पहिल्याच दिवशी येतं. यूजनेटवरही हेच झालं. एप्रिल १९९४ मध्ये दोन वकिलांनी ग्रीन कार्डची जाहिरात हजारो चर्चागटांत टाकली, तेव्हा प्रत्येकाने आपापली किलफाइल भरत बसणं पुरेनासं झालं. आणि बहुतेक माणसं सेटिंगला हातच लावत नाहीत. सुरुवातीला आम्ही जी गाळणी देऊ तीच त्यांची कायमची. म्हणजे ठरवणारे पुन्हा आम्हीच.

२०२४ मध्ये ब्लूस्काय या समाजमाध्यमाने यावर एक वाट दाखवली: पोस्टवर खुणा करण्याचं काम वेगवेगळ्या लोकांनी करायचं आणि कोणाच्या खुणा मानायच्या हे वापरणाऱ्याने निवडायचं. आम्ही ते आमच्या पद्धतीने केलं. कोणीही सभासद आपली गाळणी इतरांसाठी खुली करू शकतो. नवीन माणूस आला की त्याला चार-पाच गाळण्या दाखवतो, त्यातली एक तो उचलतो आणि हवी तेव्हा बदलतो. सगळ्यात जास्त उचलली जाते ती सटाण्याच्या ताईंची. ‘मर’ त्यात अजून आहे, फक्त झाकून, आणि शेजारी ‘मर रोग सोडून’ असं त्यांनीच लिहिलंय.

आता आम्ही सात जण आहोत. खोली तीच आहे, खालचं दुकानही तेच. सध्याचं काम आवाजाचं आहे, कारण आमचे निम्मेअधिक लोक टाइप करतच नाहीत, बोलून पाठवतात, आणि आमची गाळणी ऐकू शकत नाही. मराठी बोलणं मशीन बऱ्यापैकी उतरवून देतं. कसमादेतली (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) अहिराणी त्याला कळत नाही. देवळ्याच्या दोन मुली रोज संध्याकाळी पन्नास ऑडिओ ऐकून हाताने लिहून देतात. पहिली वही भरली आहे, दुसरी चालू आहे.