डावं पान

आमच्या काव्यमंडळाच्या वार्षिक मेळाव्याची आठवण निघाली की मला माणसांच्याही आधी ती वही दिसते. जाड पुठ्ठ्याची, लांबट, कापडी पाठीची. उजव्या पानावर कविता, डावं पान कोरं. ज्याची कविता त्याने डाव्या पानाला हात लावायचा नाही. ते दुसऱ्यासाठी. तिथे अभिप्राय चालत नसे, उत्तर द्यायचं ते कवितेतच. तोंडाने कितीही वेळा ‘वा’ म्हणा, पण कागदावर ‘छान’, ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ यातलं काही लिहिलेलं दिसलं की सर ते शांतपणे खोडायचे आणि वही परत पाठवायचे.

सर म्हणजे मंडळाचे सगळ्यात जुने सभासद. कोणाची कविता कोणाकडे जायची, हे तेच ठरवायचे. मेळाव्याच्या दोन महिने आधी वही फिरू लागायची. ती तीन दिवस आपल्या घरी राहायची. उत्तर लिहून झालं की त्यावर एक कोरा कागद ठेवून टाचणी लावायची, म्हणजे पुढच्याला दिसू नये. मेळाव्याच्या दिवशी कवीने उभं राहून आपली कविता वाचायची, मग स्वतःच्या हाताने टाचणी काढायची, आणि ज्याने उत्तर लिहिलं त्याने ते वाचायचं. टाचणी काढतानाचे ते दोन-तीन क्षण मी कितीतरी वर्षं पाहिले. चांगली पोक्त माणसं, पण त्यांची बोटं थरथरायची.

आम्ही सगळे हौशी. कोणी शिक्षक, कोणी कारकून, एक वीजजोडणीची कामं करणारा, दोघी-तिघी घर सांभाळून लिहिणाऱ्या. छापून येणं फारच थोड्यांच्या वाट्याला आलेलं. पण वर्षातून एक दिवस आपली कविता कोणीतरी इतकी मनापासून वाचलेली असते, की तिच्याशी बोलायला त्याला दुसरी कविता लिहावी लागते, हे आम्हाला ठाऊक होतं. तेवढ्यावर आमचं पुढचं वर्ष निघायचं.

मला मिळालेलं पहिलं उत्तर अजून पाठ आहे. माझी कविता भुजंगप्रयात वृत्तात होती. मनाच्या श्लोकांमुळे ही चाल प्रत्येकाच्या कानात असते, म्हणून मलाही तीच जवळची. लघु म्हणजे आखूड उच्चाराचं अक्षर, गुरू म्हणजे लांब. लघु-गुरु-गुरु असे चार गण, ओळीत बारा अक्षरं. मी लिहिलं होतं :

उन्हाने जरी पान वाळून गेले
तरी झाड दारात जागेच होते

वाचताना एकाने मध्येच थांबवलं. ‘उन्हाने’ मधला उ लघु कसा, पुढे जोडाक्षर आहे ना, मग तो गुरू नको का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मंडळातल्या काकू पुढे सरसावल्या. मात्रा मोजण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत त्या ओळ म्हणायच्या आणि अडेल तिथे अंगठाही अडायचा. त्यांनी दोनच शब्द उच्चारायला लावले : ‘विठ्ठल’ आणि ‘उन्हात’. विठ्ठल म्हणताना ‘वि’वर आघात येतो, म्हणून तो गुरू. उन्हात म्हणताना ‘उ’वर आघात येतच नाही. तुझ्या, तुम्ही, पुन्हा, दिव्यांनी, सगळी हीच जात. “डोळ्यांनी मोजू नका, जिभेने मोजा,” त्या म्हणाल्या. नंतर माधव जूलियनांची ‘छंदोरचना’ हाती आली आणि वृत्तांचा केवढा पसारा त्या माणसाने मांडून ठेवलाय ते पाहून मी थक्क झाले. पण आघाताची गोष्ट मी शिकले ती काकूंच्या अंगठ्याकडे बघून.

मग मी टाचणी काढली. माझं पान काकूंकडेच गेलं होतं.

तुझे पान गेले, तुझे झाड जागे;
कुणी सावली मात्र मोजीत नाही

माझ्या कवितेत सावली नव्हतीच. पान गेलं म्हणजे सावलीही गेली, हे मला सुचलंच नव्हतं. माझ्याच झाडाखाली कोणीतरी उभं राहून वर बघत होतं, आणि मला माझं झाड पहिल्यांदा पूर्ण दिसलं. त्या दिवसानंतर मी कवितेला ‘संपली’ असं कधी म्हटलं नाही.

उत्तर देण्याची ही रीत आमच्या मंडळाने काढलेली नाही, हे सर दरवर्षी सांगायचे. संस्कृतातली समस्यापूर्ती, म्हणजे शेवटची ओळ दिलेली आणि आधीच्या ओळी आपण रचायच्या. शाहिरांचे कलगी-तुऱ्याचे सामने, सवाल-जवाब, एकाने शक्तीची बाजू घ्यायची, दुसऱ्याने शिवाची, आणि रात्र रात्र एकमेकांना पदांतून कोडी घालायची. 1923 मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातले कवी नियमाने जमून एकमेकांना कविता वाचून दाखवत. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने लिहिलेली विडंबनं तर खूप बारकाईने वाचल्याशिवाय कोणाला जमली नसती. एका वर्षी सरांनी विडंबनाचीही मुभा दिली होती. वीजजोडणीवाल्या दादांनी काकूंच्या पावसाच्या कवितेचं असं विडंबन केलं की काकूंनी ते मागून घेऊन पुन्हा एकदा स्वतः वाचलं. वृत्तात कुठेही ढिलाई नाही म्हणून त्या खूश होत्या.

पण सगळ्यात मनात राहिला तो तरहीचा मेळावा.

तरही म्हणजे एक ओळ सगळ्यांना आधीच दिलेली. त्याच जमिनीत, म्हणजे त्याच वृत्तात, त्याच काफिया-रदीफात, प्रत्येकाने आपली गझल लिहायची. काफिया म्हणजे यमकाचा शब्द, रदीफ म्हणजे त्याच्यामागून दर वेळी तसाच येणारा शब्द. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’त या शब्दांची ओळख मराठी लिहिणाऱ्यांना फार सोप्या भाषेत करून दिली आहे. त्या पुस्तिकेच्या झेरॉक्स प्रती आमच्याकडे हातोहात फिरल्या होत्या. सरांनी ओळ दिली : ‘मला ठाऊक माझी वाट होती’. रदीफ ‘होती’, काफिये वाट, लाट, पहाट असे. वृत्त मृगाक्षी, लगागागा लगागागा लगागा; ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू. एका गुरूच्या जागी दोन लघु घेतले की ‘पहाट’ही त्यात बसते.

वाट, लाट, पहाट. आम्ही सगळे त्या तीन शब्दांवर तुटून पडलो. सतरा जणांच्या गझला आणि निदान बारा पहाटा. दुपार होईपर्यंत कान इतके सरावले की कवी ‘प’ म्हणायच्या आतच सभा ‘पहाट होती’ म्हणू लागली. त्यातही मजा होती. तेच शब्द, तीच लय आणि तरी प्रत्येकाची पहाट वेगळी. एकाची कामावर निघण्याची, एकीची बाळ झोपल्यावरची, एकाची कोणाच्या तरी जाण्याची. जमीन एकच असल्यामुळे कोण कुठे पाऊल टाकतो ते लख्ख दिसायचं.

शेवटी एक गृहस्थ उठले. मंडळात नवे होते, बोलायचे कमी. त्यांनी तीनच शेर आणले होते. दुसरा असा :

घरी आलो, दिवे होतेच सारे;
तुझ्या जागी रिकामी खाट होती

खाट! इतका रोजचा शब्द आणि आमच्यापैकी कोणालाही तो सापडला नव्हता. रदीफ सभेने म्हणायची असते, पण ‘होती’ म्हणायला कोणाचंच तोंड उघडलं नाही. त्यांची आई त्याच वर्षी गेली होती, हे नंतर कळलं. ते पोहोचेपर्यंत उशीर झाला होता.

ती गझल त्या वर्षी वहीत उतरवली गेली आणि पुढच्या मेळाव्यासाठी तिचं डावं पान सरांनी काकूंना दिलं. काकूंनी वही तीनऐवजी आठ दिवस ठेवून घेतली. असं आधी कधी झालं नव्हतं. मला त्या म्हणाल्या, “सांत्वन लिहायचं नाहीये गं. सांत्वन त्याला सगळ्यांनी करून झालंय.” पुढच्या वर्षी त्या गृहस्थांनी टाचणी काढली आणि काकूंनी एकच शेर वाचला, आईच्या तोंडचा :

तुझ्यासाठी जराशी थांबले मी;
दिव्यांनी राखलेली वाट होती

त्यांच्या शेरातले दिवे नुसते लागलेले होते. काकूंनी ते कोणासाठी लागले होते ते सांगितलं, आणि तरहीची ‘वाट’ दोन्ही अर्थांनी परत आणली. ते गृहस्थ खाली बसले नाहीत. वही उचलून त्यांनी तो शेर स्वतः पुन्हा वाचला, नुसत्या ओठांनी. मग टाचणी खिशात ठेवली. ती टाचणी मंडळाची होती, पण परत मागायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

सगळीच उत्तरं अशी झाली नाहीत, आणि त्यातल्या एका पानाची सल मला अजून आहे. एक कॉलेजात शिकणारा मुलगा येऊ लागला होता. त्याची कविता माझ्याकडे आली. भुजंगप्रयातातलीच, उत्साहाने भरलेली आणि चुकांनीही. तोवर मला मात्रांचं ज्ञान झालं होतं. मी डाव्या पानावर कविता लिहिलीच नाही. चार ठिकाणी वृत्त मोडतं ते पेन्सिलीने दाखवलं. एका ओळीची सुरुवात ‘आता’ने होती. पहिलं अक्षर लघु हवं, म्हणून मी शेजारी लिहिलं : “इथे ‘अता’ हवे”. गझलेत सर्रास चालतं ते.

मेळाव्यात त्याने टाचणी काढली, पान पाहिलं आणि वही मिटून ठेवली. मला वाचायला काही नव्हतंच. सर सगळं झाल्यावर माझ्याजवळ आले. रागावले नाहीत. म्हणाले, “चूक दाखवायची तर ओळ लिहून दाखवायची. तुझी सरळ ओळ वाचली असती तर त्याचं त्याला कळलं असतं.” मग थोडं थांबून, “आणि बोलताना तू ‘अता’ म्हणतेस का?”

मुलगा पुढच्या वर्षी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सरांना बालकवींची गोष्ट फार प्रिय होती. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटल्या आणि अध्यक्ष डॉक्टर कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. ते नाव त्याला जन्मभर पुरलं. पूर्वी ती गोष्ट मी कौतुकाने ऐकायचे. त्यानंतर मात्र ती सुरू झाली की माझी नजर वहीच्या त्या पेन्सिलीच्या पानाकडे जायची. मी मुलाला दोन पत्रं लिहिली. पहिल्यात माफी होती, दुसऱ्यात त्याच्या कवितेचं खरं उत्तर, बारा ओळींचं. ते आधी लिहायला हवं होतं.

सर गेले त्या वर्षी वहीत त्यांची एक कविता निघाली. तारीख नव्हती. चारच ओळी, त्यातल्या पहिल्या दोन :

आता पान कोरे पुढे ठेवताना
जुनी ओळ ओठात येऊन जाते

काकूंचा अंगठा पहिल्याच अक्षराला अडला. ‘आ’ गुरू. सरांच्या हातून वृत्त चुकलेलं आम्ही कोणीच कधी पाहिलं नव्हतं. कोणीतरी हळूच म्हणालं, ‘अता’ केलं तर बसतं. काकूंनी नुसती मान हलवली. ते सरांच्या लक्षात आलं नसेल, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

त्या कवितेचं डावं पान तीन मेळावे कोरं राहिलं. वही प्रत्येकाच्या घरी जाऊन आली. मी दोनदा पेन उघडून बसले आणि दोन्हीदा बंद केलं. सर नसताना पान कोणाला द्यायचं हे ठरवणार कोण, असंही एक कारण आम्ही एकमेकांना सांगायचो.

चौथ्या वर्षी वही माझ्याकडून पुढे गेली तेव्हा ते पान कोरंच होतं. मेळाव्याच्या दिवशी वही टेबलावर आली तेव्हा त्यावर कागद होता, टाचणी लावलेला. कोणी लिहिलं ते कोणी बोलेना. सरांच्या वतीने टाचणी काकूंनी काढली. आता त्यांची बोटं वयानेही थरथरतात, वेळ लागला. मागच्या रांगेतून एक दाढीवाला तरुण उठून पुढे आला. मी त्याला ओळखलं ते त्याने वही हातात घेतली त्या पद्धतीवरून, दोन्ही हातांनी, पुठ्ठ्याखाली तळवे धरून. दादांकडे वही असताना तो त्यांच्या घरी जाऊन लिहून आला होता. त्याने खालच्या आवाजात वाचलं :

आता ती जुनी ओळ माझ्याच ओठी;
तुम्ही पान कोरे मला ठेवले का

पहिलं अक्षर त्याने लांबवलं, पुरेपूर गुरू, सरांच्या ओळीत होतं तिथेच. काकूंचा अंगठा पेरांवर चालत होता. त्या ‘आ’वर तो या वेळी अडला नाही, सरळ पुढे गेला.