हेराल्डचं मागचं सस्पेन्शन: इकोच्या इंजिनासाठी लाइव्ह एक्सल

इंजिन आणि गिअरबॉक्स माउंटवर बसलं, आता खरं काम मागच्या बाजूला. गाडी स्टँडर्ड हेराल्ड, म्हणजे ब्रिटिश ट्रायम्फ हेराल्डची भारतात बनलेली आवृत्ती, दोन दारांची. हिचं छप्पर मुळात बोल्टवरच असतं, आधीच्या मालकानं ते काढून ओपन केली आणि आता इथं सोलापुरात सगळे तिला रोडस्टरच म्हणतात. मूळ ९४८ सीसीच्या जागी मारुती इकोचं जुनं ११९६ सीसी टाकलंय, ७३ पीएस आणि १०१ न्यूटन-मीटर, कारण ते लांबीत बसतं, ड्राइव्ह मागच्या चाकांना आहे आणि गिअरबॉक्ससकट येतं. पण ताकद दुप्पट झाली की हेराल्डचा मागचा भाग तसाच ठेवणं मला पटत नाही.

ज्यांनी खाली वाकून बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, डिफरन्शियल (इंजिनाचा जोर दोन्ही मागच्या चाकांना वाटणारा गिअर) चॅसीला पक्कं बोल्ट केलेलं, त्याच्यावर एकच आडवा पाटा, आणि प्रत्येक बाजूच्या शाफ्टला फक्त आतल्या टोकाला जॉइंट क्रॉस. यालाच स्विंग एक्सल म्हणतात. त्यामुळे चाक वरखाली होताना सरळ राहत नाही, तिरकं होत जातं. वळणात वेगात असताना एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागचा भाग उचलतो, बाहेरचं चाक आत मुडपतं आणि ग्रिप जाते. ट्रायम्फनं १९७० च्या स्पिटफायर मार्क ४ मध्ये पाट्याचं फक्त खालचं पान पक्कं आणि बाकीची हलती ठेवून हा दोष बराच कमी केला, मीही आधी तेच करणार होतो. पण आपल्याकडच्या स्टँडर्ड कंपनीनं नंतरच्या गॅझेल गाडीत इंजिन ९४८ चंच ठेवून मागे सरळ लाइव्ह एक्सल दिला, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड हौसिंगवर, कारण स्विंग एक्सल इथल्या लोकांना आणि मेकॅनिकना आवडला नव्हता. मग मीही त्याच वाटेनं जायचं ठरवलं.

एक्सल इकोचाच, ड्रम ब्रेकसकट. हेराल्डपेक्षा रुंद आहे, पण हौसिंग कापून छोटं करायचं नाही, रिमचा ऑफसेट बदलून चाक आत घेणार. हेराल्डचं पीसीडी (चाकाच्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) ९५.२५ मिमी, इकोचं वेगळं, त्यामुळे पुढच्या हबचंही काम निघणारच.

एक्सल धरायला खाली दोन लांब आर्म, वर दोन आखूड आणि एक्सल बाजूला सरकू नये म्हणून आडवा पॅनहार्ड रॉड, एक टोक चॅसीला, दुसरं एक्सलला. रॉडवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. लांबी ८०० मिमी आणि गाडी उभी असताना एकदम आडवा, असा ठेवला तर चाकं ५० मिमी वर आली तरी एक्सल बाजूला दीड मिमीच सरकतो, तोच रॉड ४०० चा केला तर तीन मिमीच्या वर. म्हणून पेट्रोल टाकीचा ब्रॅकेट हलवला पण रॉड छोटा केला नाही.

स्प्रिंग इकोच्या नाही घेतल्या, त्या माल आणि सात माणसं ओढायला आहेत. हेराल्ड आठशे किलोच्या आसपास, एक्सल-चाकांचं वजन वजा करून मागच्या एका कोपऱ्यावर साधारण १५० किलो धरलं आणि दीड हर्ट्झची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला दीड वेळा वरखाली, हवी म्हटलं तर १३ न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग येते. म्हणजे नुसत्या वजनानं ती ११० मिमी बसणार, तेवढी जागा आधीच सोडावी लागते. स्प्रिंगची वरची बैठक नवीन क्रॉस मेंबरवर (चॅसीतला आडवा तुकडा), कारण मूळ चॅसीत सगळा भार डिफरन्शियलच्या माउंटवर यायचा, नवीन स्प्रिंग येतात तिथं आधारच नाही.

बुशच्या स्लीव्ह अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवाल्या मामांनी काढून दिल्या, रोज पॉवरलूमचे पार्ट करणारा माणूस, मापाला एकदम पक्का. म्हणाले, "पाटा गेला ना, आता पिनियनचा अँगल नीट बघा, नाहीतर शाफ्ट थरथरणार." बरोबर आहे त्यांचं. पिनियन म्हणजे डिफरन्शियलचा तो शाफ्ट ज्याला प्रोपेलर शाफ्ट जोडतो. गिअरबॉक्सचा शाफ्ट ३ अंश मागे झुकलेला आहे, म्हणून पिनियन ३ अंश वर म्हणजे दोन्ही समांतर, त्यातून एक अंश कमी ठेवलाय कारण जोर लागला की बुश दबून पिनियनचं नाक वर उचलतं.

सध्या सगळं टॅक मारून, म्हणजे वेल्डिंगचे नुसते ठिपके देऊन ठेवलंय, फुल वेल्डिंग नाही. आधी स्प्रिंग काढून एक्सल जॅकनं पूर्ण वर-खाली फिरवायचा, ब्रेक पाइप ताणतो का आणि प्रोपेलर शाफ्ट टनेलला लागतो का ते बघायचं. इंजिन बदलाची आरटीओ परवानगी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आधीच काढलीय, तुमच्याही गाडीचं असं काम चालू असेल तर कागद आधी करा. पुढच्या वेळी शॉकअपचे माउंट आणि हँडब्रेकची केबल.