साडेअकरा लाख लॉगिन-लॉगआउट आणि मी

सोमवारी सकाळी सहज म्हणून व्हीसेंटरचं (आमचे सगळे व्हर्च्युअल सर्व्हर जिथून सांभाळतो ते सॉफ्टवेअर) ५४८० पोर्टवालं देखभालीचं पान उघडलं, जे एरवी काही बोंबललं तरच उघडतो, आणि डेटाबेसची पट्टी लाल व्हायला आलेली. एसएसएचने आत शिरून डिस्क किती भरली ते दाखवणारी डीएफ कमांड मारली तर सीट पार्टिशन, म्हणजे डेटाबेसची डिस्क, ८८ टक्के. शुक्रवारी दुसऱ्याच कामासाठी मी हेच बघितलं होतं तेव्हा ७८ होतं, म्हणून जरा चरकलो. डिस्क ५० जीबीची, म्हणजे तीन दिवसांत ५ जीबी, आणि शनिवार-रविवारी तर आमच्याकडे कोणी काही करतच नाही!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, व्हीसेंटरच्या अप्लायन्समध्ये (तो ज्या तयार मशीनवर चालतो ती) आत पोस्टग्रेस डेटाबेस बसलेला असतो आणि स्टॅट्स, इव्हेंट्स, अलार्म्स, टास्क्स यांचा सगळा डेटा एका वेगळ्या डिस्कवर जातो, या चौघांच्या पहिल्या अक्षरांवरूनच तिचं नाव सीट. ती ९५ टक्के भरली की व्हीपीएक्सडी ही व्हीसेंटरची मुख्य सर्व्हिस स्वतःच बंद होते. तसं झालं तरी व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल सर्व्हर, चालूच राहतात, होस्ट (व्हीएम ज्यावर चालतात तो खरा सर्व्हर) पडला तर त्या दुसरीकडे सुरू करणारा एचए पण आपलं काम करतो, पण व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) नाही, डीआरएस (होस्टांवरचा भार आपोआप वाटणं) नाही, बॅकअप नाही आणि कुठल्या होस्टवर काय चाललंय ते बघायला प्रत्येक होस्टवर वेगळं लॉगिन करत बसा. हिशोब केला, ७ टक्के म्हणजे साडेतीन जीबी, माझ्या हातात दोन दिवस.

पहिला संशय सगळ्यांचा जातो तिकडेच माझाही गेला, स्टॅटिस्टिक्स लेव्हल, म्हणजे कामगिरीचे आकडे किती तपशिलात जमवायचे ती पातळी. आणि खरंच पाच मिनिटांच्या इंटरव्हलला लेव्हल ३ सापडली, मागे कधीतरी एका स्लो व्हीएमच्या भानगडीत कोणीतरी वाढवली आणि विसरला असणार. इतका आनंद झाला की लगेच १ केली आणि चहा प्यायला गेलो. दोन तासांनी बघतो तर आकडा त्याच चालीने वर चाललेला. तेव्हा कुठे डोक्यात आलं की पाच मिनिटांचे आकडे एकच दिवस ठेवले जातात, ती लेव्हल महिनोन्‌महिने ३ असेल तर तिची वाढ कधीच थांबलेली असणार, ती आत्ता अचानक कशाला उसळेल. हे आधी सुचायला हवं होतं, पण चूक सापडली की तीच ती चूक असं वाटतंच.

मग जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं, व्हीसीडीबी या व्हीसेंटरच्या डेटाबेसमध्ये शिरून टेबलं साइजप्रमाणे उतरत्या क्रमाने लावली. वरची सगळी व्हीपीएक्स इव्हेंट आणि व्हीपीएक्स इव्हेंट आर्ग, स्टॅट्सची टेबलं पार खाली. इव्हेंटचं टेबल एकसंध नसतं, त्याचे ९२ तुकडे असतात, आणि प्रत्येक इव्हेंटचे तपशील आर्गच्या तुकड्यांत वेगळे जातात, म्हणजे एक इव्हेंट झाला की एकच ओळ पडते असं नाही. आधीच धापा टाकणाऱ्या डेटाबेसवर अख्ख्या टेबलाची मोजणी नको म्हणून फक्त आदल्या एका दिवसाचे इव्हेंट त्यांच्या प्रकारानुसार मोजले. साडेअकरा लाख! निम्मे लॉगिन, निम्मे लॉगआउट, बाकी सगळं मिळून चिल्लर. आणि युझर कोण, तर बॅकअपचं सर्व्हिस अकाउंट.

झालं, मी तडक बॅकअपवाल्याला फोन लावला. तो तसा शांत माणूस, पण मी जरा चढ्या आवाजातच बोललो की तुमचं सॉफ्टवेअर काय वेड्यासारखं लॉगिन करतंय, रविवारी कसला बॅकअप चालतो दिवसभर. तो म्हणाला, आमचे जॉब रात्री दोनला सुरू होतात आणि पाचला संपतात, बाकी वेळ आम्ही तुमच्या वाटेला जात नाही, तूच बघ लॉग. मी म्हटलं बघतो, आणि मनात म्हटलं सगळे असंच म्हणतात.

इकडे शेजारची ज्युनियर मुलगी माझ्या स्क्रीनवर बघत होती. ती म्हणाली, सर, रोजचे ५ लाख ७६ हजार लॉगिन म्हणजे मिनिटाला बरोबर ४००, आपल्याकडे व्हीएम किती आहेत?

४००.

व्हीएममागे मिनिटाला एक लॉगिन, हे बॅकअपचं काम असूच शकत नाही. लॉगिनचा इव्हेंट नुसताच बघितला होता, आता वाचला. त्यात युझरच्या पुढे आयपी असतो आणि कुठल्या क्लायंटने लॉगिन केलं तेही असतं. क्लायंट पायव्हीमोमी, म्हणजे पायथनची स्क्रिप्ट. आयपी आमच्या मॉनिटरिंग सर्व्हरचा. त्या सर्व्हरवर पायथनमध्ये लिहिणारा माणूस टीममध्ये एकच, आणि तो त्या वेळी आपल्याच खुर्चीत बसून घाम पुसत होता.

गोष्ट अशी होती की व्हीएमचे जुने स्नॅपशॉट (एखाद्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) शोधणारी ती स्क्रिप्ट मीच लिहिलेली, दर पंधरा मिनिटांनी एकदा लॉगिन करून सगळी यादी एकदम आणायची. ती अधूनमधून मध्येच मरायची आणि सेशन उघडीच राहायची, त्याची तक्रार आली म्हणून दोन आठवड्यांपूर्वी मी ती सुधारली. म्हणजे काय केलं, तर लॉगिन आणि लॉगआउट दोन्ही व्हीएम तपासणाऱ्या फंक्शनच्या आत टाकले, एकदम दहा व्हीएम तपासायला दहा थ्रेड लावले, आणि आता पटकन होतंय तर दर मिनिटाला चालवू म्हणून टायमरही बदलला. एकही सेशन उघडी राहिली नाही हो, तेवढं मात्र खरं. आणि अकाउंट बॅकअपचं का, तर नवीन अकाउंटसाठी रिक्वेस्ट टाकून वाट बघायचा कंटाळा, पासवर्ड माहीत होता.

स्क्रिप्ट बंद केली, वाढ जागच्या जागी थांबली. पण डिस्क भरलेलीच होती. ज्युनियर म्हणाली लॉगिनचे सगळे रेकॉर्ड डिलीट करून टाकूया. मी म्हटलं नको, पोस्टग्रेसमध्ये डिलीट केलं म्हणून डिस्क मोकळी होत नाही, जागा आतल्या आत पुन्हा वापरायला राहते, आणि ती खरंच मोकळी करणारं व्हॅक्यूम फुल चालवायचं तर टेबलाची नवी प्रत करायला आधी तेवढी मोकळी जागा हवी, तीच तर नाहीये. शिवाय लॉगिनचे रेकॉर्ड आहेत, उद्या ऑडिटवाले विचारतील. डिस्कच वाढवू. काही हात लावायच्या आधी स्नॅपशॉट घ्यावा या चांगल्या सवयीने अप्लायन्सचा स्नॅपशॉट घेतला, आणि मग डिस्कचा आकडा बदलायला गेलो तर तो बदलेचना. पाच-दहा मिनिटं परमिशन, डेटास्टोअर काय काय बघितलं आणि मग कपाळावर हात, स्नॅपशॉट असताना डिस्क वाढवता येत नाही. जुने स्नॅपशॉट शोधणारी स्क्रिप्ट लिहिणाऱ्या माणसाला हे कळायला दहा मिनिटं लागली! स्नॅपशॉट काढला, फाइल बॅकअप घेतला, आठ नंबरची डिस्क ८० जीबी केली, आत जाऊन पार्टिशन वाढवणारी ऑटोग्रो स्क्रिप्ट चालवली, रीबूट सुद्धा लागला नाही. ८८ चे ५५ टक्के. इव्हेंट ठेवायची मुदत ३० दिवसांची आहे ती तशीच ठेवली, कचरा आपोआप मुदत संपून जाईल.

स्क्रिप्ट परत एका लॉगिनवर आणली, आणि शेवटी काहीही झालं तरी लॉगआउट होईल अशी सोय केली, जे दोन आठवड्यांपूर्वी चार ओळींत झालं असतं.

राहिला बॅकअपवाला. फोनवर सांगायची हिंमत नव्हती म्हणून मेल लिहिला, सगळं कबूल केलं, चढ्या आवाजाबद्दल सॉरी म्हटलं. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं, चालतंय, फक्त त्या अकाउंटचा पासवर्ड आज रात्री बदलतो. मी म्हटलं अगदी बरोबर आहे.

मंगळवारी सकाळी आलो तर माझ्याच दोन रिपोर्ट स्क्रिप्ट बंद पडलेल्या होत्या.