सात हजार लिटरचा हिशेब

मार्च २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात आमच्या उपजिल्हा रुग्णालयातला पुरुष शस्त्रक्रिया कक्ष रिकामा करून तेथे ऑक्सिजनच्या खाटा लावण्यात आल्या, आणि त्याच संध्याकाळी मेट्रनबाईंनी माझ्या हातात एक दोनशे पानी वही ठेवून सांगितले, "उद्यापासून तुम्ही पेशंट बघायचे नाहीत, ऑक्सिजन बघायचा." एकोणीस वर्षे अधिपरिचारिका म्हणून काम केल्यानंतर सिलिंडर मोजायला बसवले याचा मला त्या दिवशी राग आला होता, हे कबूल करायला हवे. स्टोअरकीपरचे काम आपल्या गळ्यात पडले असेच मला वाटले.

कोविडच्या पहिल्या लाटेत आम्ही शिकलो होतो ते वेगळे होते. पीपीई किट घालण्याचा क्रम, त्याहून काळजीने ते उतरवण्याचा क्रम, सहा तास पाणी न पिता काम करणे, पाठीवर मार्करने नाव लिहिणे, म्हणजे पांढऱ्या किटमधली सिस्टर कोण आणि मावशी कोण हे पेशंटला कळावे. जानेवारी २०२१ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांचे लसीकरण सुरू झाले आणि मार्चपर्यंत आमच्यापैकी बहुतेकांचे दोन्ही डोस झाले होते, त्यामुळे दुसऱ्या लाटेत निदान आमच्याकडे तरी मनुष्यबळ एकदम कोसळले नाही. कोसळू पाहत होता तो ऑक्सिजन. महामारीपूर्वी ही वस्तू आम्ही कधी मोजलीच नव्हती. पेशंटला धाप लागली की मास्क लावायचा, फ्लोमीटरचा, म्हणजे मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन जातो ते दाखवणाऱ्या नळीतला, गोळा वर न्यायचा आणि पुढच्या कामाला लागायचे, अशी आमची सगळ्यांची सवय होती. मॅनिफोल्डच्या खोलीत, म्हणजे जेथे सिलिंडर रांगेने वॉर्डाच्या नळीला जोडलेले असतात तेथे, कोण सिलिंडर बदलतो हे वॉर्डातल्या निम्म्या सिस्टरांना ठाऊकही नव्हते.

पहिल्या दिवशी मी वहीच्या पहिल्या पानावर साधे गणित मांडले. जम्बो सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर त्यात सुमारे सात हजार लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला पाच लिटरने एका पेशंटला तो जवळजवळ तेवीस तास पुरतो, दहा लिटरने साडेअकरा तासांच्या थोडा पुढे जातो, पंधरा लिटरने आठ तासही पुरत नाही, आणि हाय फ्लोचे यंत्र पूर्ण ऑक्सिजनवर साठ लिटरने चालवले तर दोन तासांच्या आत संपतो. त्या दिवशी आमच्याकडे ऑक्सिजनवर चाळीस पेशंट होते. प्रत्येक खाटेजवळ जाऊन फ्लोमीटरचा आकडा लिहून घेतला, तेव्हा एकूण बेरीज मिनिटाला २६८ लिटर आली. याचा अर्थ सव्वीस मिनिटांना एक सिलिंडर आणि दिवसाला पंचावन्न सिलिंडर. पूर्वी आमचे चार-पाच सिलिंडरमध्ये भागत असे. हा आकडा वैद्यकीय अधीक्षकांना दाखवला तेव्हा ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "सिस्टर, ही बेरीज रोज तीनदा करा."

बेरीज करता करता गळती दिसू लागली. पेशंट जेवायला बसला, स्वच्छतागृहात गेला, की मास्क उशीवर पडलेला असे आणि ऑक्सिजन गादीला मिळत असे. काही सांध्यांना साबणाचे पाणी लावल्यावर बुडबुडे येत. सर्वांत अवघड गोष्ट मात्र आकड्यांची होती. रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण ९२ ते ९६ टक्क्यांमध्ये राखायचे, असे मार्गदर्शक सूचनांत होते, फुप्फुसाचा जुना आजार (सीओपीडी) असलेल्यांसाठी त्याहूनही कमी. पण नातेवाइकांनी बाजारातून आणलेले ऑक्सिमीटर पेशंटच्या बोटाला चिकटलेले असत आणि त्यावर ९८ दिसले की घरोघरी फोन जात. मी गोळा खाली आणून प्रमाण ९४ वर ठेवले की बाहेरून लगेच विचारणा होई, "सिस्टर, आमच्या बाबांचा ऑक्सिजन कमी का केला? वशिल्याच्या पेशंटला देताय का?" त्यांना मी दोष देत नाही, कारण ९८ हा आकडा चांगला हे त्यांना आम्हीच वर्षभर शिकवले होते.

गोळा नुसता खाली आणून चालत नाही, हेही या कामात कळले. पिशवीचा मास्क, म्हणजे एनआरबीएम, असेल तर पिशवी फुगलेली राहण्यासाठी किमान दहा लिटर लागतात. त्यावर पाच लिटर ठेवणे म्हणजे पेशंटला त्याचाच उच्छ्वास परत देणे. म्हणून प्रमाण सुधारले की आधी मास्क बदलायचा, साधा मास्क किंवा नाकातली नळी लावायची, अर्धा तास पाहायचे आणि मगच पुढच्या खाटेकडे जायचे. याच्या जोडीला पालथे झोपवणे होते. एक धिप्पाड शेतकरी काका कशालाच तयार होत नव्हते, "पोटावर काय मी लहान लेकरू आहे का" म्हणायचे. शेवटी शेजारच्या महिला कक्षात दाखल असलेल्या काकूंनी व्हिडिओ कॉलवर त्यांना असे काही झापले, की काका निमूटपणे छातीखाली उशी घेऊन पालथे झाले. दोन तासांनी त्यांचे प्रमाण ८८ वरून ९३ वर आले होते आणि आम्ही ऑक्सिजन न वाढवता पुढे सरकलो. दहा दिवसांत पेशंट तेवढेच असताना बेरीज २१० लिटरवर आली, म्हणजे दिवसाचे बाराएक सिलिंडर वाचले. माझा राग तोवर कुठे गेला होता, कुणास ठाऊक.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातली एक रात्र मात्र या सगळ्या गणिताची परीक्षा घेणारी ठरली. मॅनिफोल्डवर दहा-दहा सिलिंडरच्या दोन रांगा होत्या, एक चालू आणि एक राखीव. बेरीज पुन्हा २६८ च्या आसपास चढली होती. रात्री साडेअकराला चालू रांग संपून राखीव रांग सुरू झाली, म्हणजे ती पहाटे पावणेचारपर्यंत पुरायला हवी होती, आणि भरलेल्या सिलिंडरची गाडी तीनला येणार होती. पावणेतीनच्या सुमारास वॉर्डबॉय मामा धावत आले, "सिस्टर, काटा खाली चाललाय." गाडीचा चालक फोनवर म्हणाला, की भरणा केंद्रावर अजून त्याच्यापुढे चार गाड्या आहेत.

त्यानंतरचे दीड तास मी क्रमाने सांगू शकत नाही. डॉक्टरांनी यादी केली, ज्यांना पाच लिटरपर्यंत चालेल त्यांना कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या छोट्या यंत्रावर, घेतले, एका यंत्रावर एक. रुग्णवाहिकांमधले छोटे सिलिंडर उतरवून घेतले. पालथे होऊ शकणाऱ्या प्रत्येकाला उठवून पालथे केले. मी फक्त खाटेखाटेवरून फिरत गोळे पाहत होते आणि मामा दर पाच मिनिटांनी काट्याचा आकडा ओरडून सांगत होते. गाडी सव्वाचारला आली. त्या रात्री ऑक्सिजनअभावी कोणी गेले नाही. आठवडाभरात त्यांतले तिघे आजाराने गेले, त्यांची खाट क्रमांकासह नोंद वहीत आहे. दोनच दिवसांनी, २१ एप्रिलला, नाशिकमध्ये टाकीतून गळती होऊन दाब कमी झाल्याने २२ रुग्ण दगावल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या ड्युटी रूममध्ये कोणी डबा उघडला नाही.

रांग वेळेआधी का संपली, याचा उलगडा सकाळी झाला. भरलेल्या जम्बो सिलिंडरच्या काट्यावर १५० च्या आसपास दाब दिसायला हवा. मी नव्याने आलेला प्रत्येक सिलिंडर काटा लावून पाहिला, तर अनेकांत ११० होते. घाईत भरल्यामुळे की आणखी कशामुळे, ते मला ठरवता येत नाही. पण बिल पूर्ण सिलिंडरचे येत होते आणि माझे गणितही पूर्ण सिलिंडरचे होते. त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढला, आलेल्या प्रत्येक सिलिंडरचा दाब, आणि बेरीज सिलिंडरच्या संख्येवर न करता दाबावर होऊ लागली.

जूनमध्ये खाटा रिकाम्या होऊ लागल्या, पुढे हवेतून ऑक्सिजन तयार करणारा पीएसए प्रकल्प आवारात उभा राहिला आणि वही बंद झाली. वर्षभराने लेखापरीक्षणात विचारणा आली, की बिलांनुसार सिलिंडर जितके दिवस पुरायला हवे होते तितके का पुरले नाहीत. मी वहीच्या छायाप्रती जोडून दीड पानी खुलासा दिला, दाबाच्या रकान्याखाली लाल रेघही ओढली. दोन महिन्यांनी उत्तर आले. त्यात खुलासा मान्य केला होता आणि शेवटी लिहिले होते, की यापुढे अशा नोंदी विहित नमुन्यातील नोंदवहीतच ठेवाव्यात. असा नमुना आमच्याकडे कधीच आलेला नव्हता, म्हणून मी तो मागवणारे पत्र सोबत वहीच्या पहिल्या पानाची प्रत जोडून पाठवले.