पहिला प्रश्न

"आणि घोड्यांचं काय झालं? ते विचारलंच नाही त्यांनी?" आज वाचून दाखवताना पुतणीने मला मध्येच थांबवलं.

प्रसंग प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियसचा. तबेला जळाला होता. दरबारातून परतल्यावर त्यांनी विचारलं, "कुणाला लागलं का?" घोड्यांबद्दल चकार शब्द नाही. 'अ‍ॅनलेक्ट्स' या त्यांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहाच्या दहाव्या भागात एवढीच नोंद आहे.

पुतणीचा प्रश्न दिवसभर डोक्यात राहिला. घोडे म्हणजे त्या काळी केवढी मोलाची चीज! आणि तबेल्यात राबणारी माणसं साधी, बहुधा नोकरचाकरच. तरी चौकशी आधी त्यांची. विचार करायला उसंत नसताना तोंडून निघालेला प्रश्न, माणूस कळतो तो तिथेच, असं मला मनापासून वाटतं.

पुढे कन्फ्यूशियसच्याच परंपरेतले विचारवंत मेन्शियस म्हणाले, विहिरीत पडू पाहणारं मूल दिसलं की कुणाचंही काळीज हलतं.

मग रोजच्या धबडग्यात ते काळीज जातं कुठे?