खात्री झाली की या, म्हणे!

माझा मुलगा पंधरा वर्षांचा. जुने मित्र एकाएकी तुटले, खेळ सुटला, झोपेची वेळ उलटीपालटी झाली, दप्तरात डोळ्यांची लाली लपवायचे थेंब सापडले. विचारलं की खेकसायचा. नशा करतो याचा पुरावा असा काहीच नव्हता, आणि नेमकं तिथेच सगळं अडलं.

व्यसनमुक्ती केंद्रातल्या अर्जात रकाने होते: कोणता पदार्थ, किती वर्षांपासून, दिवसाला किती. मी लिहिलं, "माहीत नाही, संशय आहे." खिडकीतल्या बाईंनी अर्ज परत सरकवला. "असं चालत नाही. खात्री झाली की या." कसली खात्री? पोरगं बेशुद्ध पडेपर्यंत थांबायचं? तो अर्ज वर्षानुवर्षं पिणाऱ्या मोठ्या माणसासाठी केलेला होता. आता कुठे सुरुवात होत असलेल्या मुलासाठी त्यात जागाच नव्हती.

पुन्हा गेले तेव्हा नवीनच सांगितलं: घरी लघवीची तपासणी करा, निकाल आणा. याचा राग मला अजून आहे. घरच्या किटमध्ये व्हाइटनर, गोंद, पेट्रोल हुंगलेलं सहसा कळत नाही. उलट खोकल्याच्या काही औषधांमुळे नसलेलं व्यसन दिसू शकतं. शिवाय मुलाच्या नकळत नमुना घेतला तर तो पुढे आपल्याशी बोलेल का? मी तपासणी केली नाही. समुपदेशकांना भेटल्याशिवाय हलणार नाही असं सांगून बाकावर बसून राहिले. बरोबर टिपणवही होती: कोणत्या तारखेला काय बदललं, पाकिटातून पैसे कधी गेले, शाळेतून काय कळलं. त्यांनी आत बोलावलं ते ती वही पाहून. तुम्हीही आजपासून लिहायला लागा, नुसतं "तो बदललाय" म्हटल्यावर कोणी ऐकत नाही.

पुढचं सुरळीत झालं. समुपदेशक मुलाशी एकट्याने बोलले. जिवाला धोका असेल तरच आईला सांगेन, हे त्याला आधीच स्पष्ट केलं. एकटा असताना घेतोस का, घेतल्यानंतरचं आठवत नाही असं होतं का, नशेतल्या कुणाच्या गाडीत बसलास का, असे साधे प्रश्न. १२ ते २१ वयासाठी अशी ठरलेली प्रश्नावली असते. निघालं ते ई-सिगारेट, आणि तिच्यामागे लपलेली चिंता. तीच लक्षणं नैराश्यातही दिसतात, म्हणून घरच्या घरी निदान करू नका.

एक राहिलंच. मूल शुद्धीवर नसेल तर कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि काय घेतलं असेल ते डॉक्टरांना खरं सांगा; लाजेपायी लपवू नका.

धाकटीशी मी आत्तापासूनच बोलते. उरलेल्या वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्या कुलपात गेल्या आहेत. कुठेही अडकलीस तर फोन कर, मी न्यायला येईन, त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही, हा शब्द दोघांनाही दिला आहे.